बाळाचं नाव काय ठेवलं?

कोनमारा, आयर्लंड, मे १९७१

प्रिय मॅकदारा,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहिलंय. त्यात उगाच जीव अडकवू नकोस. तुझं पत्र मिळालं. उशिरा मिळालं, आणि त्याचा दोष टपालखात्याला देऊ नकोस, स्वतःला दे. पाकिटावर तू लिहिलंस ‘मॅकदाराची सोरखा’. आपल्या बार्टलने, हो, आता तोच पोस्टमन आहे, ते पाकीट दोन दिवस खिशात घालून गावभर फिरवलं. मग दारात उभा राहून मला विचारतो, “काय गं सोरखा, या नावाची कुणी बाई राहते का इथं? मला तर कुणी आठवत नाही बुवा.” माझ्याच बाकावर बसून शिकलेला माणूस! मी म्हटलं, “होती रे एक. पण आता नाही राहत.” मग आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि तो माझा चहा पिऊन गेला.

तर तू लिहितोस की आपल्या फेहीनला मुलगा झाल्याचं तुला चुलतभावाकडून कळलं. रीत ती रीत, पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव. बाळाचं नाव काय ठेवलं, असं विचारायचीही तुला गरज वाटत नाही, इतकी तुझी खात्री. रविवारी तू बाप्तिस्म्याला येणार, त्यासाठी नवा सूट शिवलायस. वा! रीत आठवली तुला. बायकोला दोन वेळचं काय मिळतं हे विचारायची रीत आठवली नाही, बापाच्या शवपेटीला खांदा द्यायची रीत आठवली नाही, बरोबर हीच आठवली, कारण हिच्यात तुला काही द्यायचं नाही, नुसतं घ्यायचंय.

आणि खाली सही काय, तर ‘मॅक’. मी ती सही सुनेला दाखवली. आपली सून एथना गॉलवेची आहे, शाळेत शिकवते. तिला कुठलंही नाव दिलं की ती त्याचा अर्थ सांगते. स्वतःच्या नावाचा अर्थ ‘बीमधला गर’ आहे हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि मुलगी खरोखर तशीच आहे, वरून टणक, आतून मऊ. ती सही बघून म्हणाली, “आई, मॅक म्हणजे नुसता ‘मुलगा’. दारा म्हणजे ओक वृक्ष. हा माणूस दारा कुठे विसरून आला?” मी म्हटलं, “कोव्हेंट्रीत, ज्या बाईकडे तो राहतो तिच्या घरात शोध.” तिथल्या इंग्रज मुकादमाला अख्खं नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून तू ते मोडून अर्धं केलंस. जे नाव तुला स्वतःला जड झालं, ते आमच्या आठ पौंडांच्या पोराच्या डोक्यावर ठेवायला मात्र तू नवा सूट घालून निघालास.

खरं सांगू, नाव चांगलंच होतं रे. आपल्या किनाऱ्यावर औषधालाही ओकाचं झाड नाही, सगळा दगड आणि वारा, तरी घरटी एक मॅकदारा असतो तो त्या बेटावरच्या संत मॅकदारामुळे. त्याच्या बेटाजवळून जाताना होड्या तीनदा शीड झुकवतात. जुलैच्या जत्रेला आपण तुझ्या बाबांच्या होडीतून गेलो होतो, तेव्हा शीड झुकलं आणि तू माझ्या कानाशी म्हणालास, “बघ, समुद्रावर सगळे मला असाच मान देतात.” मी इतकी हसले की माझी टोपी पाण्यात पडली. त्या हसण्याच्या भरात मी तुला हो म्हटलं. मान संताचा होता, तुझा नव्हता, एवढं साधं मला कळायला हवं होतं.

सोरखा म्हणजे उजेड, हेही तूच मला सांगितलं होतंस. पाद्रीबाबा मला ‘सारा’ म्हणायचे. म्हणे इंग्रजीत तेच नाव. तेच कसलं? सारा म्हणजे राजकन्या, आणि तीसुद्धा कुठल्या कुठल्या वाळवंटातली. तू तेव्हा बाह्या सरसावून पाद्रीबाबांशी भांडायला निघाला होतास, की हिचं नाव सोरखा आहे, सोरखाच म्हणा. बायकोच्या नावासाठी भांडणारा माणूस स्वतःचं नाव असं फेकून देईल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

आता एक गोष्ट ऐक, जी तुला कुणी कळवली नसेल. आपल्या गावात आडनावाला कोण विचारतो? निम्म्या घरांचं एकच. आपलं पोर ‘मॅकदाराचा फेहीन’ म्हणून वाढायला लागलं होतं. तुझ्या खेपा बंद झाल्या, पत्रं बंद झाली, तरी बरेच दिवस तेच चाललं. मग एक दिवस धक्क्यावर मासळी उतरवायला माणूस कमी पडला आणि तुझे बाबा ओरडले, “अरे, सोरखाच्या फेहीनला बोलवा!” धक्क्यावर सगळ्यांचे हात थांबले. ऐकतोयस ना मॅकदारा, तुझे बाबा. गावाने नाही, मी नाही, तुझ्या जन्मदात्याने तुझं नाव गाळलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. मीही जेवा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळा गाव तसंच म्हणायला लागला, आणि आजही तसंच म्हणतो.

बाळ जन्मल्यावर नावावरून घरात जुंपली. फेहीन म्हणाला, “त्या माणसाचं नाव सोडून काहीही ठेवा. कुत्र्याचं ठेवा, बोटीचं ठेवा.” एथनाला कियन आवडलं होतं. मी विचारलं, अर्थ काय? तर म्हणे ‘प्राचीन’. मी म्हटलं, “अगं, धड मान धरत नाही तो अजून, प्राचीन कसला?” ती हसली, तिची आई हसली, फेहीन काही हसला नाही. मग तुझ्या बाबांचं, म्हणजे फेहीन हेच नाव पुन्हा ठेवावं असं निघालं, पण फेहीन म्हणजे डोमकावळ्याचं पिल्लू, आणि एका घरात दोन कावळे नकोत असं फेहीनच म्हणाला. शेवटी एथना म्हणाली, “या घराचं सगळं आईंनी निभावलं. नाव त्याच सांगतील.” फेहीनने मान हलवली. “आई म्हणेल ते,” म्हणाला. त्याला माझ्याविषयी खात्री होती. तुझं नाव माझ्या तोंडून कधी येणार नाही, याची.

रविवारची वाट आम्ही पाहिली नाही. काल सकाळीच चर्चमध्ये गेलो. बाळ माझ्या हातात होतं. पाद्रीबाबांनी विचारलं, “बाळाचं नाव काय ठेवायचं?” आणि मी म्हटलं, “मॅकदारा.” फेहीनचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा आता बाळ हिसकावून घेतो. एथनाने त्याचा दंड घट्ट धरला. पाणी पडलं, बाळाने टाहो फोडला, झालं. बाहेर आल्यावर फेहीन माझ्यापासून चार पावलं लांब चालायला लागला. बार्टल फाटकाशी उभा होता, त्याने विचारलं, “हा कुणाचा म्हणायचा मॅकदारा?” फेहीन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “सोरखाच्या फेहीनचा.” मी तिथेच भिंतीला टेकून रडले. इतकी वर्षं रडले नव्हते, तेवढं सगळं.

हे मी तुला का लिहितेय? तू पाकिटातलं हे नाव वाचून फुगशील, सोरखाने शेवटी क्षमा केली म्हणून कोव्हेंट्रीतल्या पबमध्ये सगळ्यांना सांगत सुटशील, म्हणून. क्षमाबिमा काही नाही. तुझ्या नावाने मी केव्हाच अंघोळ केली. पण ते नाव मला हवं होतं. या घरात ते कुणी उच्चारलं की सगळे खाली बघायचे, मी स्वतःच्या घरात एका शब्दाला घाबरून राहिले. आता मला दारात उभं राहून ते पूर्ण, मोठ्याने, समुद्रापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचंय, आणि मी ओरडले की कुणीतरी धावत घरी यायला हवं. तेव्हा रविवारी येऊ नकोस. आणि आलासच, तर बोटीतून उतरताना लक्षात ठेव, वर आमच्या दारातून मॅकदारा अशी हाक आली तर वळून बघायचं नाही. ती तुला नसेल.

पाद्रीबाबांच्या हिशेबी अजून तुझीच,
सोरखा