ठोकळे आधी

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
बुधवार, १८ जून २०२५

चि. वरद,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माईच्या मनगटाचं प्लास्टर आणखी तीन आठवडे राहील. बरगड्या शिंकताना दुखतात, त्यामुळे शिंक आली की ती माझ्याकडे अशी बघते, जणू मीच मिरपूड उडवली. जेवण जातं. भाजी मी करतो आणि ती खुर्चीत बसून चुका काढते. गवार मोडायची असते, चिरायची नसते, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. राजसीला आजोबांचा पापा.

तुझा जबाबाचा कागद पोचला. दोन पानं, खाली माझं नाव छापलेलं, आणि सहीच्या जागी पेन्सिलची फुली. फुली कशाला रे? कारखान्यात सदतीस वर्षं सह्याच केल्या मी. सही कुठे करायची ते मला कळतं. काय वाचून करायची तेही कळतं.

फोनवर दोनदा बोलायचा प्रयत्न केला. एकदा म्हणालास, 'बाबा, मीटिंगमध्ये आहे.' दुसऱ्यांदा म्हणालास, 'तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो.' म्हणून हे पत्र. पत्रात समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

तुझ्यावर मी रागावलोय, वरद. महिनाभर रागावलोय. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार परकी माणसं बसलेली असताना, तू आमच्या प्रवासाला 'म्हातारपणीचं खूळ' म्हणालास. खूळ? तू दहा वर्षांचा असताना भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा फाडून तूच मला दिला होतास. त्यावर लाल पेन्सिलने रस्ता काढला होतास, पार खाली गोकर्णापर्यंत. दर उन्हाळ्यात म्हणायचास, 'बाबा, या वर्षी?' आणि दर उन्हाळ्यात मला रजा मिळायची नाही. तो नकाशा मी जपला. तू विसरलास त्याचा राग नाही, मुलं विसरतातच. पण बापाने लक्षात ठेवलं तर त्याला खूळ म्हणायचं?

तुला काय माहीत आम्ही काय बघितलं ते. दोन मेला निघालो. वाईला नदीकाठी पहिला मुक्काम. कोल्हापूरला एका शाळेच्या मैदानात राहिलो. शिपाई सकाळी उठवायला आला तो चहाला थांबला, आणि त्याने नि मी मिळून पाचवीच्या पुस्तकातल्या तीन कविता म्हटल्या. एक कडवं मला आठवेना, ते त्याने पुरवलं. आंबोलीला धुकं उतरलं तेव्हा मी सातवीतली एक अख्खी कविता म्हणालो, वर्गात उभं राहून म्हणायचो तशी, हात मागे बांधून. माई म्हणाली, "झालं? आता पाणी भरा." गोकर्णला ती चक्क गुडघाभर समुद्रात उभी राहिली, साडी खोचून, आणि मला म्हणाली की आपण हे पस्तिसाव्या वर्षी करायला हवं होतं. बावीस दिवस, वरद. जीपमागे आमची डबी, दोन चाकांवरची खोली. तू तिला कॅम्पर म्हणतोस. माईने पहिल्याच दिवशी तिचं नाव डबी ठेवलं, कारण आत दोन माणसं शिरली की झाकण लागलं.

आता कागदाचं. त्यात लिहिलंय, 'सदर कारागीर साईनाथ याने बसवलेला हूक सदोष असल्याने ट्रेलर वाहनापासून सुटला व माझी पत्नी जखमी झाली.' हे वाक्य कोणाचं आहे? माझं नाही. मी तिथे होतो. तू बंगळूरला होतास.

साईनाथला तू धड बघितलंही नाहीस. उल्हासनगरच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये डबी बनत होती ते चार महिने मी रोज स्टूल टाकून त्याच्यासमोर बसायचो. बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यातला मुलगा. रोज पहाटे मोटरसायकलवरून यायचा. शेडचा सिंधी शेठ दर गिऱ्हाइकाला 'बनेगा साईं, सब बनेगा' म्हणायचा, पण बनवायचा साईनाथ. माईची उंची मोजून त्याने आतला ओटा केला. हूक बसवल्यावर त्याने मला जीपमध्ये बसवलं, डबीत सिमेंटच्या गोण्या टाकल्या आणि शेडच्या आवारात अकरा चकरा मारायला लावल्या. मग दोन सागाचे ठोकळे आणून दिले, स्वतः तासलेले, चाकामागे लावायला. म्हणाला, "काका, हूक सोडायच्या आधी ठोकले. बाकीचं सगलं मागून. आन् काकी खाली उतरलेली पायजे."

मी म्हटलं, कविता करतो, म्हणजे विसरणार नाही.

तू हसशील. पण मला लहानपणापासून सगळं तसंच लक्षात राहतं. पाढे, नद्या, सनावळ्या, सगळं चालीवर. तर मी तीन ओळी जुळवल्या:

ठोकळे लावा दोन्ही चाकां,
टेकू द्यावा पुढल्या दांड्या,
मगच साखळी, मगच हूक.

रोज मुक्कामाला पोचलो की मोठ्याने म्हणायचो आणि त्याच क्रमाने करायचो. बावीस दिवस काही झालं नाही. हे तुझ्या कागदात कुठे नाही. सदोष हूक दोन घाट चढला आणि दोन उतरला, हेही नाही.

तू तो वाकलेला हूक बघितलास, फोटो काढलास, व्हिडिओ केलास. 'ह्या माणसाकडून काहीही बनवून घेऊ नका.' चाळीस हजार लोकांनी बघितला म्हणे. पोलिसांत अर्जही दिलास. परवा मी उल्हासनगरला गेलो होतो, तुला सांगितलं नाही. साईनाथच्या जागी दुसराच कोणी ग्राइंडर चालवत होता. शेठ म्हणाला, "अंकल, लड़का अच्छा था, लेकिन मेरा भी नाम ख़राब हो रहा था." साईनाथ आता सकाळी नाक्यावर उभा राहतो, कोणी मजुरीला नेईल म्हणून. असले हात, वरद. मातीच्या पाट्या वाहतायत.

आणि तू त्याच्याबद्दल काय म्हणालास? 'असल्या लोकांवर विश्वास ठेवायचाच नसतो.' आता असली लोकं कोण ते ऐक.

चोवीस मेची संध्याकाळ. पाच वाजले असतील. घर अर्ध्या तासावर होतं. माई म्हणत होती, अहो, सरळ घरी जाऊ, धुण्याचा डोंगर झालाय. मीच हट्ट केला की शेवटचा चहा बारवीच्या काठावर घेऊ. रस्त्याच्या बाजूला उतारावर जागा होती, खाली आटलेलं पाणी, मध्ये सागाची झाडं. माईचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, मी डबीत बसते, चहा टाकते. मी हो म्हटलं.

डबी सुटली. चाळीस पावलं गेली आणि एका सागाला आडवी धडकली. झाड नसतं तर पुढे काय होतं ते तूच बघितलंयस.

मला पळता येईना. मी नुसता उभा होतो. वरच्या पाड्यातून बायामाणसं धावत आली. त्यांनी दार उचकटलं. एका म्हातारीने माईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या गालावर थापट्या मारत राहिली, "बाय, डोले मिटू नको. माज्याशी बोल. किती पोरं तुला?" त्यांनी घोंगडीची झोळी करून माईला रस्त्यावर आणलं, टेम्पो थांबवला. म्हातारी टेम्पोत चढली आणि दवाखान्याच्या दारापर्यंत आली. तिचं नाव तानी. साईनाथची आई. 'असली लोकं' ती ही. तू ज्या व्हरांड्यात हे बोललास ना, त्याच व्हरांड्यात ती तोवर भिंतीला टेकून बसून होती. तिने ऐकलं.

इथवर लिहून दोन तास थांबलो होतो. पाणी प्यायलो, गवार मोडली. आता लिहितो.

त्या दिवशी दुपारी गाडी चालवताना मला यमक सुचलं. ती जुनी कविता मला पहिल्यापासून खटकत होती. तिला यमक नव्हतं, सूचनाफलकासारखी वाटायची. बावीस दिवस मी तिच्यावर मनात काम करत होतो आणि त्या दुपारी ती एकदम जुळली:

साखळी सोडा, हूक ओढा,
टेकू द्यावा, दम घ्या थोडा,
चाकाखाली ठोकळे जोडा.

किती आनंद झाला म्हणून सांगू. 'जोडा' हा शब्द तिथे ओढूनताणून आणलाय हे कळत होतं, तरी आनंद झाला. उतारावर उतरलो. चहापुरती डबी सोडायची गरजही नव्हती, पण कविता म्हणायची होती. हात मागे बांधले, खड्या आवाजात म्हणालो. आणि जसं म्हणालो तसंच केलं. साखळी सोडली. हूक ओढला. तिसऱ्या ओळीपर्यंत डबी थांबली नाही.

हूक सुटला नाही, वरद. मी सोडला. तो वाकला तो झाडावर आपटून. साईनाथचे ठोकळे पेटीतच होते, कोरडे, स्वच्छ पुसलेले.

हवालदाराने विचारलं तेव्हा मी म्हणालो, 'हूक सुटला असावा.' असावा. भाषा येत असली की माणसाला लपायला केवढी जागा मिळते. मग तू आलास, तू ते 'असावा' काढून टाकलंस, आणि मी काढू दिलं.

एक जूनला साईनाथ आणि त्याची बायको भारती घरी आले होते, आठवतं? तू दारातच त्यांच्यावर ओरडत होतास. मी आतल्या खोलीत पडलो होतो. साईनाथ एकच वाक्य दोनदा बोलला, "काकांना इचारा. काका सांगतील." तू आत डोकावलास आणि म्हणालास, बाबा झोपलेत. मी जागा होतो. डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. भारतीची पावलं जिना उतरताना मला मोजता येत होती इतका जागा.

म्हणजे हा सगळा राग तुझ्यावर काढत होतो तो कुणाचा, ते तुला कळलं असेल. तरी तुझ्या वाट्याचा मी परत घेत नाही. विचारायच्या आधी तू निकाल दिलास. म्हातारा बाप आणि गरीब मिस्त्री, दोघांत कोण खोटं बोलेल हे तू आधीच ठरवून टाकलंस, आणि ठरवलंस ते चुकीचं.

आज दुपारी तुझा कागद घेऊन बसलो. खरं सांगतो, पेन हातात होतं. टोपणही काढलं होतं. माई खुर्चीतून म्हणाली, "करणार आहात सही?"

मी कागद सरळ केला.

"मी आत होते हो," ती म्हणाली. "नवी कविता ऐकू आली. ठोकळे शेवटी येतायत म्हटल्यावर मी ओटा घट्ट धरला. म्हणून वाचले. त्या पोराने उंची मोजून केलेला ओटा."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? वरदला, पोलिसांना, निदान मला?

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने गवारीच्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

तुझा कागद सहीशिवाय परत पाठवतोय. उद्या सकाळी आधी पाड्यावर जाणार, साईनाथला आणि तानीबाईंना तोंडाने सांगणार. मग त्याला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात, नवा जबाब द्यायला. तिथून उल्हासनगरला शेठकडे. तू तो व्हिडिओ काढ. नुसता काढू नकोस, दुसरा कर. त्यात माझं नाव घे, पूर्ण नाव, आणि मी काय केलं ते सांग. आणि पुढच्या खेपेला येशील तेव्हा पाड्यावर जाऊन तानीबाईंच्या पाया पड. मी सांगतोय म्हणून नाही. तुझ्या आईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं म्हणून.

जीपची किल्ली तू घेऊन गेलास त्यावरून महिनाभर धुसफुसत होतो. ती तुझ्याकडेच राहू दे. त्यात तुझं बरोबर होतं.

राजसीला मी त्याच दुपारी पेट्रोल पंपावरून फोन करून नवी कविता शिकवली होती, तिला फार आवडली. तिला सांग, ती विसर. जुनी पाठ कर, यमक नसलेली.

हे पत्र तुझ्या पोलिसांतल्या अर्जाला जोडलंस तरी माझी हरकत नाही. खाली सही करतोय. फुलीशिवाय.

हेमचंद्र दामोदर प्रधान
(तुझा बाबा)