तळ्याकडची खिडकी

शनिवार, ९ मार्च १९९६

घेतलं! घर घेतलं! सव्वीस वर्षं सासूच्या स्वयंपाकघरात काढली, आता माझं स्वतःचं. घर पाहावं बांधून म्हणतात, पण आम्हाला कुठलं बांधायला जमतंय. आम्ही घेतलं ते कारखान्यात तयार झालेलं, डीलरच्या मैदानात उभं असलेलं, चाकांवरून ओढत आणायचं घर. लांबच लांब आहे, आगगाडीच्या डब्यासारखं. असू दे. त्यातली चूल माझ्याआधी कोणी पेटवलेली नाही.

बघायला तिघं गेलो – वेंडेल, मी आणि सासूबाई. सासूबाईंना बोलावलं नव्हतं. पण सासरे गेल्यापासून घरामागचं शेत त्यांचं, ते त्या देणार, म्हणून घरही त्याच बघणार. ब्युइक गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी मागे. लग्न झाल्यापासून मी मागेच.

डीलरचं नाव रॉयस टिडमोर. सत्तरीचा असेल. पट्ट्याला बशीएवढं बक्कल, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. बायको वारली आहे, हे त्यानं न विचारता सांगितलं. त्याच्या नमुन्याच्या घरांत पुठ्ठ्याचा टीव्ही आणि मेणाची फळं. वेंडेलनं सफरचंद चावून बघितलं. नवरा माझा!

सासूबाईंनी प्रत्येक घरातल्या प्रत्येक पलंगावर बसून बघितलं. तिसऱ्या घरात आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या. बुटांसकट. वर घोरायला लागल्या. मी लाजेनं अर्धी. टिडमोर म्हणाला, झोपू दे, दुपारचा मीही इथंच पडतो. आणि शेजारच्या घरातून गोधडी आणून त्यांच्या अंगावर घातली. चांगला व्यापारी आहे.

तेच घर घेतलं. पलंगासाठी नाही – खिडकीसाठी. भांडी घासायच्या सिंकवर ही एवढी मोठी खिडकी! ती शेताच्या कडेच्या तळ्याकडं आली पाहिजे आणि घराची पाठ सासूबाईंच्या घराकडं. मला बाकी काही नको. सव्वीस वर्षं मी भांडी घासते आणि मागून आवाज येतो, "कड राहिली." मला कोणाचीही नजर नसलेली एक जागा पाहिजे. टिडमोरला बाहेर नेऊन तीनदा सांगितलं.

रविवार, १० मार्च

चर्चच्या दारात सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आम्ही घर घेतलं." आम्ही!

मंगळवार, १२ मार्च

सासूबाई एकट्याच गाडी काढून डीलरकडं गेल्या. म्हणे गालिच्याचा रंग उजेडात बघायचा राहिला होता. केस सेट करून गेल्या. त्यांचा केसांचा वार शुक्रवार. गेल्या सव्वीस वर्षांत तो वार वादळ आलं तरी बदलला नव्हता.

काहीतरी शिजतंय. मला वाटतं, त्या टिडमोरला पटवून स्वतःसाठी एक खोली वाढवून घेणार. वेंडेलला म्हटलं. तो म्हणाला, आईला हौस आहे, जाऊ दे. तो सगळंच जाऊ देतो. कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवून चालवून माणूस कोंबडीसारखाच झालाय.

शनिवार, १६ मार्च

शेतात झेंडे लावले. टिडमोरनं दिले होते – चार काड्या, चार कोपऱ्यांना. दोन लाल, दोन पांढरे. स्वयंपाकघराची बाजू जिकडं पाहिजे तिकडं लाल. ट्रकवाला दुसरं काही बघत नाही, लाल कुठं एवढंच बघतो. लाल दोन्ही तळ्याच्या बाजूला ठोकले. हातोडीनं. मग उगीचच तिथं उभी राहिले, सिंकसमोर उभी राहीन तशी, आणि तळ्याकडं बघत हवेत एक बशी घासली.

बुधवार, २० मार्च

टिडमोरचा फोन आला. मी उचलला. "ओमा आहे का?" म्हणाला. नुसतं ओमा! अख्खी काउंटी त्यांना मानानं मिस ओमा म्हणते, पाद्रीसुद्धा. विक्री झाली की हे लोक ताळ सोडतात. सासूबाईंनी फोन आतल्या खोलीत घेतला आणि दार लावलं. खोलीचंच ठरत असणार. बघतेच मी.

बुधवार, २७ मार्च

उद्या घर येणार! शाळेतल्या कामावरून आले तर मागचं शेत न्हाव्याकडून आल्यासारखं. सासूबाईंनी यंत्रावर बसून सगळं गवत कापलं होतं. जिथं घर बसणार, तिथलंसुद्धा! म्हटलं, मिस ओमा, ते गवत घराखाली जाणार, ते कोण बघणार? म्हणाल्या, "वाढलेल्या गवतात घर ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

झेंडे नीट आहेत ना म्हणून खिडकीतूनच बघितलं. मोजले. चारही होते.

गुरुवार, २८ मार्च



शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना मक्याचा पाव वाढत होते. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. म्हटलं, वेंडेल आहे. चारला घरी आले, धावतच मागे गेले. घर आलंय! विटांवर चढवलंय! आणि सिंकवरची खिडकी सरळ सासूबाईंच्या व्हरांड्याकडं. तळ्याकडं काय, तर संडासाची खिडकी. तीही दुधी काचेची.

गवत कापताना त्यांनी झेंडे उपटले होते. कापून झाल्यावर परत लावले. उलटे. मी गेले विचारायला. शांतपणे वाटाणे सोलत होत्या.

"चार भोकं होती, चार झेंडे होते," म्हणाल्या. "कुठल्या भोकात कुठला, हे मला कोणी सांगितलं होतं?"

वेंडेल दिवसभर तिथं उभा होता! त्याला म्हटलं, तुला दिसलं नाही? म्हणाला, दिसलं, पण वाटलं तू विचार बदलला असशील. तुम्हा दोघींत मी पडत नाही.

मुद्दाम केलंय. माझी खात्री आहे.

शुक्रवार, २९ मार्च

टिडमोर म्हणतो, झेंड्यांप्रमाणे बसवलंय, चूक तुमची. फिरवता येईल, पण रात्री पाऊस झालाय, जमीन वाळल्याशिवाय ट्रक आत येणार नाही. म्हणजे ईस्टरनंतर. आणि खर्च आमचा. मी फोनवर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

सोमवार, १ एप्रिल

राहायला आलो. उलटं तर उलटं, पण त्या घरात आणखी एक रात्र नको. घर फिरवायचंय म्हणून पाण्याची, विजेची पक्की जोडणी नाही. वेंडेलनं सासूबाईंच्या नळाला रबरी नळी लावून आमच्यापर्यंत आणली आणि त्यांच्याच व्हरांड्यातून एक वायर. वेगळं झालो म्हणे! संध्याकाळी मी आंघोळ करताना पाणी बंद. डोक्याला साबण. वेंडेल पळत गेला. सासूबाईंनी नळ बंद केला होता – त्यांच्या मते एवढं पाणी आंघोळीला पुरतं.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी सिंकपाशी उभी राहिले. समोर सासूबाई, खुर्ची टाकून, थेट आत बघत. हात हलवला. मीही हलवला, करते काय. फोन वाजला.

"नेल्डा, ओव्हनमधून धूर येतोय."

खरंच येत होता. पाव वाचला. राग दुप्पट झाला.

दुपारी पडदा लावला. संध्याकाळी सासूबाई नवा पडदा घेऊन आल्या. म्हणाल्या, तुझा फार जाड आहे, उजेड अडतो. आणलेला असा झिरझिरीत की असून नसून सारखा.

रविवार, ७ एप्रिल. ईस्टर

चर्चमध्ये टिडमोर! वीस मैलांवरून आमच्या चर्चमध्ये! निळा सूट, तेच बक्कल. आमच्याच बाकावर बसला. मग सासूबाईंनी जेवायला बोलावलं. हॅम, कॉलर्डच्या पानांची भाजी, भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग. त्यानं पुडिंग तीनदा घेतलं. मी संधी साधली – म्हटलं, घर फिरवायचे पैसे आम्ही का द्यावेत? तो सासूबाईंकडं बघत बसला. त्यांनी मान डोलावली. म्हणाला, नको, माझ्याकडून फुकट.

म्हणजे जमलं! पोटभर घातलं की कुठलाही डीलर विरघळतो, हे आधी कळायला हवं होतं. सासूबाईंनी का मान डोलावली ते कळलं नाही. मनाला लागलं असेल. लागायलाच पाहिजे.

बुधवार, १० एप्रिल

हे उगीचच लिहून ठेवते.

आज लवकर उठले. सिंकपाशी कॉफी घेत होते. समोर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दिवा होता, त्यांना मी दिसत नव्हते. त्यांनी कपाटातून तीन ताटल्या काढल्या, टेबलावर मांडल्या. मग थांबल्या. दोन परत ठेवल्या.

वाईट वाटलं. मला वाईट वाटलं याचा रागही आला. पडदा ओढला – पण तो झिरझिरीत!

शनिवार, १३ एप्रिल

फिरवलं! जमीन वाळली, ट्रक आला, विटा काढल्या, माझं घर तळ्याला वळसा घालून गोल फिरलं आणि जिथं पाहिजे तिथं येऊन बसलं. मी ट्रकच्या पुढं उलटी चालत होते, दोन्ही हातांनी खुणा करत. चालकानं वेंडेलला विचारलं म्हणे, या बाई विमानतळावर कामाला असतात का. वीजवाले, पाणीवाले, सगळे आले. रबरी नळी गुंडाळून सासूबाईंच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं" एवढंच.

संध्याकाळी भांडी घासली. मुद्दाम जास्त घासली, धुतलेलीसुद्धा. समोर तळं, तळ्यावर ऊन, चिटपाखरू नाही. राणीसारखं वाटलं. वेंडेलला म्हटलं, बघ, याला म्हणतात घर.

रविवार, १४ एप्रिल

तळं. दिवसभर तळं. एक बदक आलं होतं. फोन एकदाही वाजला नाही.

सोमवार, १५ एप्रिल

सासूबाई दुपारी लिंबाचा केक घेऊन आल्या. दार वाजवून. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दार वाजवलं. बसल्या, केक खाल्ला, घर छान आहे म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, जूनमध्ये लग्न आहे. मला वाटलं चर्चमधलं कोणाचं तरी. म्हटलं, कोणाचं?

"माझं. रॉयसशी."

मी केकचा घास तोंडात तसाच धरून बसले.

"त्यानं मार्चमध्येच विचारलं होतं," म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. म्हटलं, माझी माणसं इथं, तुझं घर वीस मैलांवर, कशी येऊ? मग ते झेंडे उलटे लागले. शपथ घेऊन सांगते पोरी, चुकूनच लागले. पण सकाळी उठलं की समोर तू दिसायचीस. बरं वाटायचं. शनिवारी घरानं माझ्याकडं पाठ केली. रविवारी मी त्याला फोन केला, हो म्हणून."

रागानं नाही हो, हसत म्हणाल्या. लिपस्टिक लावली होती. मला रडू आलं, त्यांच्यासमोर, कधी नव्हे ते. त्यांनी माझी ताटली उचलली, स्वतःच धुऊन ठेवली आणि गेल्या.

वेंडेल आत्ताच ट्रक लावून आला. केक कुणी दिला विचारतोय. त्याला कोणत्या तोंडानं सांगू, की मी तुझ्या आईला सासरी धाडलं?