बेसिलची खोली

४ डिसेंबर

बारा! खोलीतलं तापमान बारा अंशांवर गेलं. खालच्या ट्रेमधली पानं काळी पडलीत. पंधराच्या खाली बेसिल, ही विलायती तुळस, मान टाकते हे मला पाठ आहे, तरी झालंच. हीटर लावावा तर इलेक्ट्रिशियनने हात जोडले — "ताई, वायरिंग जुनं आहे. झाडांना लावलेत त्या दिव्यांवर भागवा. हीटर लावलात तर मला नका बोलावू, बंबवाल्यांना बोलवा."

वीस तारखेला हॉटेलचा शेफ बघायला येणार. पसंत पडलं तर दर आठवड्याला माल. नाही तर खोली रिकामी करायची, असं मीच नवऱ्याला कबूल केलंय. खोली बाबांची, म्हणजे सासऱ्यांची होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा पलंग काचा लावलेल्या बाल्कनीत टाकला, तेव्हा म्हणाले, "बरंय की, तिथे उजेड जास्त."

६ डिसेंबर

टायमर उलटा केला. दिवे आता रात्रभर — ऐन कडाक्याच्या वेळी त्यांचीच ऊब. झाडांची रात्र दिवसा, आठ ते चार. खिडकीला थर्माकोल, दाराच्या फटीला रबरी पट्टी. मुंगीसुद्धा शिरायची नाही!

"मला कधी एवढं पांघरूण घातलं नाहीस," नवरा म्हणाला.

७ डिसेंबर

हॉस्पिटलच्या वॉर्डातून आल्या आल्या थर्मामीटर पाहिला. दिवसभरातला सगळ्यात कमी आकडा तो लक्षात ठेवतो. चौदा. अजून कमीच.

९ डिसेंबर

काल सतरा, आज सतरा!! दाराला आणखी एक पट्टी मारली होती, तिचाच प्रताप. बाबांना सांगितलं. कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस — वाटलं, शाबासकी मिळेल. "बरं झालं," एवढंच. आणि चहावर फुंकर.

१३ डिसेंबर

बाबा दोन दिवस नणंदेकडे गेले.

१४ डिसेंबर

पुन्हा चौदा! पट्ट्या तपासल्या, थर्माकोल तपासलं, सगळं जागच्या जागी. रडूच आलं. नणंदेचा फोन आला, तिच्याशीही धड बोलले नाही.

१६ डिसेंबर

बाबा काल रात्री परतले. आज सतरा. मी काहीही न करता! डोक्यात किडा वळवळायला लागलाय.

१७ डिसेंबर

अर्धी रजा टाकली, दुपारी एकला घरी. खोलीचं दार उघडलं. आत अंधारात, स्टुलावर बाबा! स्वेटर, मफलर, मांडीवर रेडिओ.

"आधी दार लाव! गरम बाहेर जातंय."

मी आत शिरले, दार लावलं. "बाबा, इथे काय करताय?"

"एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा हीटर. वायर नको, फ्यूज उडायची भीती नाही. तू ड्यूटीवर गेलीस की येऊन बसतो."

दोघंही पोट धरून हसलो. किती दिवसांनी! माझ्या चार पानांसाठी हा माणूस दिवस दिवस अंधारात बसतो. भरून आलं मला. आणि मी श्रेय रबराला देत होते!

२० डिसेंबर

शेफने एक पान चुरडलं, वास घेतला, डोळे मिटले. "पुढच्या आठवड्यापासून द्या."

धावत बाल्कनीत गेले, सगळ्यात आधी बाबांना सांगितलं. "मग! हीटर कुणाचा होता?" म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेतला. बर्फ. बोटं वळतसुद्धा नव्हती.

जादाचा थर्मामीटर त्यांच्या उशाशी टांगलाय.

२१ डिसेंबर

सात.

बेसिलसाठी बाराला घर डोक्यावर घेतलं होतं मी. दिवसभर वॉर्डात लोकांचा ताप मोजते, घरी आले की झाडांचा. या माणसाला दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही. शंभर वॅटचा हीटर म्हणे! बाल्कनीत उजेड येतो, ऊन नाही; ऊब त्यांनाच हवी होती — मला लाज वाटू नये म्हणून थट्टा केली. वाटली. खूप वाटली.

टायमर सुलटा केला. आत माणूस झोपणार, त्याला रात्री अंधार हवा, हवा खेळती हवी, म्हणून दाराची पट्टीही काढून टाकली. निम्मे ट्रे बाहेर, जगले तर जगले. पलंग आत.

बाबा पांघरुणात शिरले. म्हणाले, "दार लाव."