पुरा कोयता

मुंबई,
१४ डिसेंबर २०२४

ती. राहीआक्कास,
साळूचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली फळीवर नुसती शोभेला? मी बरी आहे. मालिकेतल्या आईसाहेबांना सध्या अर्धांगवायू झालाय, त्यामुळे दिवसभर पडून राहायचं आणि सुनेकडे डोळे वटारायचे, एवढंच काम. परवा भाजीवाली म्हणाली, "सुनेला लय छळलंत, देवानं बघितलं बरं." मी म्हटलं, बाई, दोन आठवड्यांनी उठणार आहे मी, अजून बराच छळ बाकी आहे.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर मी सुकन्याचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही. तुझी चौथीपर्यंतची शाळा या पत्राला पुरेल. सावकाश वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

गेल्या आठवड्यात न कळवता वसतिगृहावर येऊन गेले. एरवी कळवते, तेव्हा तू मुलींना तेल-वेणी करून रांगेत उभं करतेस आणि मला सगळं छान दिसतं. तू नव्हतीस. लेकाकडे, अंगदकडे सोनईला तोडीवर गेलीस म्हणाले. ऊस तोडायला गेलेल्या आईबापांच्या या मुली मागे राहाव्यात, शिकाव्यात, म्हणून आपण हे घर उभं केलं आणि मी ते तुझ्या हवाली केलं. मुलींना स्वेटर वाटले. एक उरला. मी विचारलं, सुकन्या कुठाय? मुली स्वेटरच्या गुंड्या लावत राहिल्या. मला वाटलं, तापाबिपानं पडली असेल. शेवटी माधुरी म्हणाली, "मावशी, तुमी आल्ता की तिच्या लग्नाला."

मी बघतच राहिले. पोरीला वाटलं, मी विसरले. तिनं आठवण करून दिली, "अंगददादाबरूबर न्हाई का झालं. तुमीच अक्षता टाकल्या."

धक्का बसल्याचा अभिनय मी इतकी वर्षं करत आले आहे. छातीवर हात, दोन पावलं मागे, मग संगीत. खरा धक्का बसला तेव्हा मी फक्त "हो का" म्हणाले आणि उरलेला स्वेटर पिशवीत टाकला.

आता लग्नाचं बोलू. दिवाळीत तू फोन केलास. तुळशीचं लग्न लागायच्या आधी माणसांचं कसलं लावता, म्हणून मी चेष्टा केली. तू म्हणालीस, "तोडीला गाडी भरायची हाय, मुहूर्त कुठला बघतीस? पर साळे, तू आल्याबिगर अक्षता पडनार न्हाईत." मी त्या वाक्यावर इतकी खूश झाले, की दिग्दर्शकाच्या हातापाया पडून एक दिवस सुट्टी काढली. सेटवर सगळ्यांना सांगत सुटले, माझी बहीण माझ्यासाठी लग्न थांबवून धरते. मला वाटलं माया आहे. तू तर अगदी सरळ बोलत होतीस, आक्का. मी आले नसते, तर कुणीतरी तक्रार केली असती आणि अक्षता खरंच पडल्या नसत्या. बालविवाह थांबवा म्हणून जिचा फोटो एस.टी. स्टँडवर लागलाय, तीच बाई मांडवात खुर्ची टाकून बसल्यावर कोण बोट दाखवणार?

नवरी हनुमंताची थोरली, आरती, एकोणीस वर्षांची, असं तू मला सांगितलंस. आरतीचं दोन वर्षांपूर्वीच झालंय; सुकन्या तिची धाकटी. साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि साऱ्या गावानं माझ्यासोबत सेल्फी काढले.

मी ऐन अक्षतांच्या वेळी पोचले. नवरीच्या डोक्यावरून पदर, कपाळावर मुंडावळ्या, गालाला हळद, मान खाली. दोन वर्षं माझ्या मांडीवर डोकं ठेवून गोष्टी ऐकणारी पोर मी ओळखली नाही. भागूकाकू शेजारून म्हणाली, "झाला बाई अंगदचा कोयता पुरा!" आणि मी हसले. गावची बोली कानावर पडली म्हणून बरं वाटलं. मुकादम एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतो, नवरा-बायको मिळून पुरा कोयता, म्हणून तोडीला जायच्या आधी पोरींची लग्नं उरकतात, हे मीच मुलाखतींतून शहरातल्या लोकांना समजावते. कानाशी बोललेलं मलाच समजलं नाही. वर तू माझ्या हातात माइक दिलास. मी म्हणाले, मुलींना शिकवा, अठराच्या आत लग्न लावू नका. टाळ्या काय पडल्या! ती पोर माझ्यासमोर तीन हातांवर उभी होती.

आणि मग ती पाया पडली. यापुढचं मला लिहवत नव्हतं, म्हणून आधी तेल आणि आईसाहेब लिहीत बसले. ती पाया पडली आणि तिनं माझा पाय सोडला नाही. घट्ट धरून राहिली. मला वाटलं, टीव्हीवरची बाई सापडली म्हणून धरलाय. समोर फोटोवाला होता, मी हसून म्हणाले, "सुखी राहा." तेव्हा तू वाकलीस. तिची बोटं तू एकेक करून सोडवलीस आणि म्हणालीस, "सोड गं, मावशीला गाडी गाठायचीय."

तू मला फसवलंस, आक्का. चॅनेलनं फसवलं, निर्मात्यांनी फसवलं, ज्याच्याशी लग्न केलं त्यानं तर हसत हसत फसवलं. ते सगळं मी पचवलं, कारण गावी तू होतीस. आता कुठे जाऊ?

वसतिगृहावरून आल्यावर मी जाब विचारला, तेव्हा फोन ठेवण्यापूर्वी तू म्हणालीस, "माजं तेराव्या वर्षी लावलं तवा कोन आल्तं पोलीस घिऊन? म्या उसाच्या फडात गेले म्हनून तू शाळंत बसलीस." खरं आहे. तू ऊस तोडलास म्हणून मी नाटकात उभी राहिले आणि तिथून इथवर आले.  पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पोटात काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तरी तू पंधरा वर्षांच्या पोरीला त्याच फळीवर चढवलंस, आणि तेही माझ्या हातानं.

माझी कामं बघणारा सुनील म्हणाला, "ताई, पोरीला गुपचूप आणा, नववीत परत बसवा, बोभाटा कशाला? मालिका जाईल, देणगीदार जातील." खोटं कशाला सांगू, दोन दिवस मलाही तेच पटत होतं. मग माधुरीचा फोन आला. लग्नातला माझा फोटो आता गावात घरोघर दाखवतात म्हणे. बाईंनी अक्षता टाकल्या, मग आपल्याला कसली भीती? हे सांगून पोरीनं हळूच विचारलं, "मावशी, माज्या लग्नाला पन येनार का तुमी?"

काल मी पोलिसांत तक्रार दिली. अशा लग्नाला हजर राहणाराही गुन्हेगार धरतात. म्हणून पहिलं नाव माझं दिलं. दुसरं तुझं. मग हनुमंत, मग अंगद. तो माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय, त्याचं नाव सांगताना हवालदाराला मला दोनदा विचारावं लागलं. माझं नाव दिलं म्हणून मी साध्वी झाले, असं समजू नकोस. मालिका बहुधा जाईल. वसतिगृहाचं काय होईल, ठाऊक नाही.

पोलीस उद्या-परवा सोनईला, फडावर पोचतील, म्हणून हे पत्र आज रात्रीच्या गाडीनं माणसाबरोबर पाठवतेय. त्यांच्याआधी तू जा. सुकन्या वर्दीला घाबरेल. तिला जवळ घे आणि सांग, तुझी काही चूक नाही. एवढं तरी खरं बोल तिच्याशी.

तक्रार मागे घे म्हणून कुणाला पाठवू नकोस, मी घेणार नाही. तुला धरून नेलं, तर जामिनाला दुसरं कुणी शोधू नकोस. मीच येईन.

तुझीच,
साळू