ओर्तांससाठी उघडलेलं दार

तुलूझ, १४ मार्च

प्रिय पापा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन्हींत सुरुवातीलाच माफी मागितली होती, आणि मग आठवलं, तू म्हणतोस की चूक सांगितल्याशिवाय माफी मागू नये, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आधी बातमी. माझं पुस्तक निघतंय. जुन्या कादंबऱ्यांतल्या बायकांची गोष्ट आजच्या काळात आणून पुन्हा सांगायची, अशी एक माला इथले एक प्रकाशक काढत आहेत. एकशे चाळीस हस्तलिखितांतून त्यांनी माझी ‘ओर्तांस मालाव्हाल’ निवडली. कळलं तेव्हा मी जिने उतरून रस्त्यावर आले आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला मिठीच मारली. ती बिचारी म्हणाली, ‘पोरी, पाव ताजा आहे हे मला ठाऊक आहे, पण इतका?’

आता चूक. ती सांगायला मला मियो गावातल्या तुझ्या कामाच्या टेबलापाशी यावं लागेल. दम्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत तेच टेबल माझी शाळा होतं. तू कोकराचं ओलसर कातडं ताणून हातमोजे कापायचास, शेजारी ओर्तांसची ती जुनी, जाडी कादंबरी उघडी असायची, आणि रोज सकाळी एक पान श्रुतलेखन. प्रत्येक वाक्य दोनदा, पूर्णविरामसुद्धा मोठ्याने. घरात दुसरी कादंबरी नव्हतीच. आई मागे ठेवून गेली ती एवढीच. मधेच तू थांबायचास. मला वाटायचं, कातड्यात कुठे गाठ आली असेल. शेजारची मादाम पूजोल खिडकीतून डोकावून म्हणायची, ‘गास्तों, नवऱ्याला टाकून गेलेल्या बाईची गोष्ट लिहायला लावतोस पोरीला? आईच्याच वळणावर जाईल.’ कात्री न थांबवता तू म्हणायचास, ‘मादाम, नाक मागे घ्या, खिडकी लावतोय.’ आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आपल्या घरात ओर्तांसबद्दल कितीही बोलता यायचं, एलियानबद्दल, म्हणजे आईबद्दल, नाही. मी ओर्तांसबद्दल खूप प्रश्न विचारायचे, आठवतं? तिला थंडी वाजली असेल का, तिला मुलीची आठवण येत असेल का. तू प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचास.

पुढे शाळेत हीच कादंबरी अभ्यासाला आली. मी ती उघडलीही नाही, मला पाठ होती. निबंधावर बाईंनी लिहिलं, ‘कल्पनाशक्ती चांगली आहे. आता पुस्तक वाच.’ मी आठवडाभर त्यांच्यावर रुसले. हे पुस्तक लिहितानाही मी दुकानातली प्रत घेतली नाही, तुझ्या श्रुतलेखनाच्या अकरा वह्या समोर ठेवल्या. ओर्तांसला वकील नवऱ्याच्या हवेलीतून काढून आजच्या तुलूझमध्ये आणलं, तिला हातमोज्यांच्या दुकानाऐवजी चष्म्यांच्या दुकानात कामाला लावलं. बाकी गोष्ट तीच ठेवली. निदान मला तसं वाटत होतं.

संपादिका सोलांज कादियू यांनी पहिल्याच भेटीत शेवटाचं कौतुक केलं. म्हणाल्या, ‘दीडशे वर्षं ही बाई बंद दारासमोर बर्फात मरते आहे. तुम्ही तिला आत घेतलंत.’ मी त्यांना समजावलं की मूळ पुस्तकातही ती आतच येते. त्यांना वाटलं, मी विनोद करते आहे. त्या हसल्या, मीही हसले, आणि तिथून थेट दुकानात जाऊन प्रत विकत घेतली. पान तीनशे बारा. वकील कडी लावतो, गावातल्या खिडक्या एकामागून एक बंद होतात, आणि लेखक शांतपणे लिहितो: ‘घर सोडणारी बाई मुलीलाही सोडते. अशा बाईला देवही दार उघडत नाही.’ माझ्या अकराव्या वहीत, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात, तिथे लिहिलंय: ‘ओर्तांस घर सोडून गेली होती, मुलीला नाही. दाराला कडी नव्हती.’ मग ती टेबलाशी बसते, सूप पिते, मुलगी तिला आपली वही दाखवते, आणि सकाळी ती आपल्या कामावर परत जाते. कुणी तिला अडवत नाही.

पापा, तू कात्री चालवता चालवता हे कसं रचलंस?

माझा स्वभाव तुला माहीत आहे; मी दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. चार दिवस बसून सगळ्या वह्या ओळीओळीने छापील पुस्तकाशी ताडून पाहिल्या. त्रेचाळीस जागा वेगळ्या निघाल्या. निसर्गवर्णनाला तू हात लावलेला नाहीस, वकिलाच्या लांबलचक भाषणांनाही नाही. जिथे जिथे लेखकाने ओर्तांसला निर्लज्ज, पोकळ, हलकी म्हटलंय, फक्त तिथे तू शब्द बदललेस. तू थांबायचास त्या याच जागा. कातड्यात गाठ कधीच नव्हती.

मग मी दोन दिवस जेवले नाही. ज्याचं कौतुक झालं ते माझं नव्हतंच, तुझं होतं; हीच ती चूक. अकरा वह्या पिशवीत भरून सोलांजबाईंकडे गेले, सगळं सांगितलं आणि पुस्तक परत मागितलं. त्यांनी शेवटची वही वाचली. मग म्हणाल्या, ‘पुस्तक परत मिळणार नाही. या हातमोजेवाल्याची सही आणा. मुखपृष्ठावर दोन नावं टाकते, तुमचं खाली चालेल ना?’ मी म्हटलं, खालीच हवं. त्या म्हणाल्या, ‘मग रडता कशाला, जेवून या.’ पापा, मी त्या दिवशी दोन माणसांचं जेवले.

तू म्हणशील, मला यात ओढू नकोस, मी कातडं कापणारा माणूस. तेव्हा सहीचा कागद मी टपालाने पाठवत नाही, स्वतः घेऊन येते. आणि आता ज्यासाठी हे पत्र तीनदा लिहिलं, ते. गेल्या रविवारी अकरावी वही मी आईला तिच्या घरी नेऊन दाखवली. तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच ते दाराचं पान दोनदा वाचलं. विचारलं, ‘हे गास्तोंने सांगितलं? तू तेव्हा केवढी होतीस?’ मी म्हटलं, नऊ वर्षांची. तिने वही मिटली, एप्रनला हात पुसले, जरी ते ओले नव्हते, आणि विचारलं की मियोला रविवारी पहिली बस किती वाजता आहे. ती बस सव्वाबाराला पोचते. येत्या रविवारी आम्ही दोघी येतो आहोत. संध्याकाळी ती परत जाईल, तिला दुसऱ्या दिवशी काम आहे. ते तुला समजावून सांगायला नको. बटाटे जास्त घे, तुझं ते चीज घातलेलं अलिगो तिघांपुरतं कर. दाराचं मी काहीच सांगत नाही. ते तूच माझ्याकडून लिहून घेतलं आहेस.

अकरा वह्यांची आणि तुझीच,
मायलिस