सत्तरचे चाळीस

१२ जानेवारी

वॉर्डसभेची तारीख लागली! आमच्या रस्त्यावरची वेगमर्यादा सत्तरवरून चाळीसवर आणायची आणि चौकात कॅमेरा लावायचा की नाही, ते पुढच्या महिन्यात ठरणार. अर्ज माझा. इतके दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. हातातलं शिवण बाजूला ठेवून पत्र वाचलं. मग परत वाचलं.

१५ जानेवारी

भावजी येऊन गेले. टॅक्सी दाराशी, इंजिन चालूच. “वहिनी, कॅमेरे म्हणजे दंड उकळायचा धंदा. त्यानं अपघात थांबतात होय? ज्याला दामटायचं तो दामटणारच. आमच्या पोटावर पाय येईल तेवढा.”

बसा तरी, म्हटलं. बसले नाहीत.

हे गेल्यापासून माझं सगळं भावजीच बघतात — गॅस, डॉक्टर, गळका नळ. त्यामुळे त्यांच्याशी भांडणं जड जातं. पण भांडणार.

१९ जानेवारी

वाचनालयातलं जाड पुस्तक संपत आलं. मी धड वाचायला शिकले ती लग्नानंतर, ह्यांच्या शेजारी बसून, पेपरातल्या मथळ्यांवरून. आता अडलं तर विचारायला कोणी नाही. तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचते, मग उलगडतं.

पुस्तकात लिहिलंय — कॅमेरा दिसला की लोक ब्रेक मारतात, पुढे गेले की पुन्हा सुटतात. म्हणजे भावजी अगदीच काहीतरी बोलत नाहीत. पण खालीच लिहिलंय, तरीही जिथे कॅमेरे लागले तिथे माणसं कमी मेली. आणि गाडीचा वेग थोडा जरी उतरला, तरी धडक बसलेला माणूस वाचण्याची आशा कितीतरी वाढते.

ह्यांना उडवलं तो बेफाम नव्हताच. पासष्टने येत होता. कायद्यात बसत होता. पोलिसांनी फाइल बंद केली. तेव्हापासून एकच सलतंय — माणूस गेला आणि कुणाचं काहीच चुकलं नाही.

मग तो आकडाच चुकीचा.

२४ जानेवारी

ठरलं. त्या माणसाकडे जायचं.

२५ जानेवारी

चष्म्याचं दुकान आहे त्याचं. मला बघितलं आणि हातातली फ्रेम खाली ठेवली. ओळखलं. एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत होते. ते जाईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिले.

“ताई, मी...”

“माफी नकोय. सभेला या. किती वेगात होतात ते सांगा, एवढंच.”

त्यानं फ्रेमच्या काचा पुसायला घेतल्या. मग म्हणाला, “मला ते दिसले होते. ब्रेकही लावला होता. गाडी थांबलीच नाही.”

घरी येऊन मशीनवर बसले. कुणाच्या तरी पँटची चेन उलटी लावली. उसवली.

१ फेब्रुवारी

भावजींना कळलं. “माझ्या भावाच्या खुन्याला सभेला बोलावता?”

खुनी नाही तो, म्हटलं. जेवून जा, म्हटलं. तसेच गेले.

९ फेब्रुवारी

जिंकले!

सभागृह भरलेलं. टॅक्सीवाले मागच्या रांगेत, त्यांच्यात भावजी. रस्ते विभागाच्या इंजिनिअर बाईंनी तक्ते दाखवले, माझ्या बाजूचे. मी उठले, लिहून आणलेला कागद पिशवीत घातला आणि तशीच बोलले. मागून कोणीतरी म्हणालं, “आजींना रणगाडा द्या, रस्ताच बंद करतील.” हशा. मीही हसले.

मग चष्मेवाला उभा राहिला. “मी एकही नियम मोडला नव्हता. पाटीवर सत्तर होतं, मी पासष्टला होतो. चाळीस लिहिलं असतं तर चाळीसच्या आत चालवली असती. मी तसाच माणूस आहे.”

कोणी हसलं नाही. हात वर गेले. आमचे जास्त भरले. भावजी माझ्याकडे न बघता निघून गेले.

घरी आल्यावर कुणाला सांगू असं झालं. म्हणून इथे पुन्हा लिहिते — जिंकले.

३ एप्रिल

पाटी बदलली, कॅमेरा लागला. शिवणाच्या खिडकीतून सगळं दिसतं. गाड्या तोऱ्यात येतात आणि चौकापाशी शहाण्या होतात. रोज धुरळा उडवत जाणारी एक पांढरी जीपसुद्धा! दुपारभर काम टाकून राणीसारखी बसले होते.

भावजींची टॅक्सी गेली. अगदी गोगलगाय. खांबाकडे खाऊ की गिळू बघत होते. मी हात केला. दिसला नाहीसं दाखवलं.

२२ मे

पुढच्या वळणावर गाड्या पुन्हा सुटतात. पुस्तकात होतं तसंच. इंजिनिअर बाई म्हणाल्या, “तिथेही एक लावू की. करा अर्ज.” केला!

१७ जून

हॉस्पिटलमधून लिहितेय. पाय प्लास्टरमध्ये. परवा हातात कपड्यांचा गठ्ठा होता, न बघताच चौकात उतरले आणि टॅक्सीनं उडवलं. भावजींच्या. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, वेग जास्त असता तर आपण बोलत नसतो.

भावजी पलंगाशीच बसून आहेत. “दिसला होतात हो वहिनी. ब्रेकही लावला होता.” एवढंच म्हणतात, परत परत.

आत्ता खाली मान घालून त्यांनी माझ्याकडे चष्मेवाल्याचा नंबर मागितला.