दुसऱ्या हाकेआधी

कोपरगाव

प्रिय मधू,

शुक्रवारी पुण्याला तुझ्या साहेबांचा सत्कार आहे. तुझ्या असेंब्लरसाठी! निमंत्रण आलंय, त्यात तुझं नाव कुठेच नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आठवतं, शनिवारी घरी आलास की मला स्वयंपाकघरात शिकवायला बसायचास? "माई, आपण लिहिलेले शब्द असेंब्लर यंत्राच्या आकड्यांत बदलतो. पण सगळे तो वेगळा, एकटाच चालवतात. मी तो असा केलाय, की कुठल्याही प्रोग्रॅमने काम करता करता त्याला हाक मारावी, चार ओळी द्याव्यात, आकडे घ्यावेत आणि पुढे जावं." काय चमकायचे रे तुझे डोळे! मी कॉन्व्हेंटात इंग्रजी कविता घोकलेली, मला काय कळणार?

मग तू पाट्याकडे बोट दाखवलंस. "लसणाची चटणी वाटलीस आणि पाटा न धुता पुरण वाटलंस तर? तसंच हे. पहिल्या वेळी दिलेल्या ओळींतली नावं त्याच्या आत राहतात. दुसऱ्या हाकेआधी ती पुसायची. ते काम हाक मारणाऱ्याचं."

कागदावर का नाही लिहिलंस हे? "सांगेन की सगळ्यांना," म्हणालास. आणि मग कावीळ. सांगायला उरलासच कुठे?

गेल्या रविवारी साहेब भेटायला आले. आपली सखू कानात म्हणाली, "बाई, ह्यो मानूस रडाया न्हाई आला, कायतरी न्यायला आलाय." मी मात्र रेशनची साखर घालून चहा केला त्यांना!

"माईसाहेब, मधूने आणखी काही सांगितलं होतं का? पाहुण्यांपुढे चालवून दाखवायचंय. एकदा हाक मारून पाहिली, अगदी चोख!"

"सत्कारात त्याचं नाव घ्याल ना?"

"नावाचं काय घेऊन बसलात! काम संस्थेचं असतं."

मग हार तुमच्या गळ्यात का? हे ओठांवर आलं होतं. पण मी गोड हसले. "मला बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय?" सिस्टरांनी शिकवलेली क्षमा कुठे गेली, कोण जाणे.

तू रागावशील. माझं काम चारचौघांत फसू दिलंस, म्हणशील. फसू दे! दुसरी हाक जाईल, जुनी नावं नव्यात मिसळतील, आणि त्यांना कारण सापडणार नाही. मला पहिल्या रांगेत बसून त्यांचा घाम बघायचाय.

मग ते पुन्हा या दारात येतील. तेव्हाही मी लगेच सांगणार नाही. आधी त्याच सभागृहात, त्याच लोकांपुढे, त्यांनी तुझं नाव उच्चारायचं. पूर्ण, अण्णांच्या नावासकट. तोवर मी तोंड उघडणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
माई